बदकांची नेमणूक

धरणाच्या पायथ्याशी ओल दिसायला लागली, तेव्हा तात्यांनी जाणत्या माणसाला शोभेल असा पहिला उपाय केला. तिकडे बघायचं बंद केलं.

धरण म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. वडिलांनी ओढ्यावर घातलेला मातीचा भराव, त्याच्याआड तळं आणि तळ्यात एक होडी. पण ते तात्यांच्या स्वतःच्या मालकीचं होतं. रोज सकाळी होडीत बसून चहा पिताना तात्या स्वतःला दर्यासारंगच समजत. बायको त्यांना 'सरकार' म्हणे, पण मांजराला वाघ म्हणावं त्या सुरात.

भरावाच्या खाली, ओढ्याच्या काठाला, धाकट्या भावाचं घर. दोघांत अबोला होता आणि त्याला कारण एक शब्द. कधीकाळी जेवता जेवता धाकट्याने तळ्याला 'डबकं' म्हटलं. तात्यांनी हातातला घास खाली ठेवला तो ठेवलाच. मग आधी त्याने बोलावं, असं दोघांनीही आपापल्या घरी ठरवून टाकलं. एकाच आईची लेकरं, हट्टाची वाटणी तेवढी अगदी समसमान झाली होती.

तर ओल. आधी तळहाताएवढी होती, मग चटईएवढी झाली, मग तिथे चपला रुतायला लागल्या.

"इतक्या वर्षांत तुम्हाला कधी पाझर फुटला नाही," बायको म्हणाली, "शेवटी धरणालाच फुटला."

तात्या म्हणाले, दव आहे. भर दुपारी कसलं दव, असं तिने विचारताच त्यांना होडीचं काहीतरी काम आठवलं.

आणि मग पाटबंधारे खात्यातून फोन आला. खाजगी धरणांची तपासणी चालू आहे, उद्या आमच्या इंजिनियर बाई येतील. तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ओल दिसली की बाई तळं रिकामं करायला लावणार, आणि तळं गेलं की तात्या कसले दर्यासारंग? खड्ड्याचे मालक. रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. सकाळी उठले ते युक्ती घेऊनच. परसात बायकोची बदकं होती. ती त्यांनी जाळीच्या कुंपणासकट उचलली आणि नेमकी त्या ओलीवर नेऊन बसवली. बदकांनी नेमणूक मनावर घेतली. बघता बघता तिथे असा राडा झाला की ओल कुठली आणि बदकांची करणी कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

बाई आल्या त्या गुडघ्यापर्यंतचे बूट घालून. भरावावरून चालल्या, उंदरांच्या बिळांत काठी घालून पाहिली. तळ्याचं पाणी सोडायचं चाक लालचुटूक चमकत होतं, कारण तात्या दर वर्षी त्याला रंगाचा हात देत. हे शेवटचं कधी फिरवलं, असं बाईंनी विचारलं. तात्यांना प्रश्नच कळला नाही. फिरवलं तर रंग नाही का जाणार?

मग बाई पायथ्याशी उतरल्या आणि कुंपणापाशी थांबल्या. "बदकं इथे कधीपासून आहेत?"

"पिढ्यान्‌पिढ्या," तात्या म्हणाले. तेवढ्यात कुंपणाचा ताजा ठोकलेला खुंटा चिखलात आडवा झाला.

बाई हसल्या नाहीत. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच, त्या म्हणाल्या, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ते पाणी नितळ आहे की गढूळ, एवढंच बघायचं. गढूळ असेल तर ते आतली माती घेऊन येतंय, म्हणजे धरण आतून पोखरलं जातंय.

"आणि नेमकं तेच कळू नये, याची तुम्ही सोय करून ठेवलीत."

बदकांची उचलबांगडी झाली. बाईंनी चिखल बाजूला सारला, पाणी वाहून जायला चर काढला आणि काचेचा ग्लास मागवला. पहिला ग्लास गढूळ निघाला. बदकं, तात्या म्हणाले. थोडं थांबून दुसरा भरला. बदकंच, तात्या म्हणाले. बदकं एव्हाना वर स्वयंपाकघराच्या दारात ओरडत होती. चर स्वच्छ धुऊन निघाला होता. तरी तिसरा ग्लास चहासारखाच भरला.

तात्यांनी खाली पाहिलं. धाकट्याच्या अंगणात दोरीवर नातीची इवलीशी झबली वाळत होती. त्यांना भीती वाटली, तळं जाईल याची नव्हे. इतके दिवस आपण काय लपवत होतो, ते त्यांना आत्ता कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

खालचं घर आत्ताच्या आत्ता रिकामं करा, बाई म्हणाल्या, आणि पाणी हळूहळू सोडा. तात्या चाकाला लोंबकळले. रंगाच्या थरांनी चाक असं धरून ठेवलं होतं की तसूभर हलेना. मोठा पाना लागणार होता, आणि तसा पाना एकाकडेच होता. धाकट्याचा धंदाच नळाचे पाइप बसवण्याचा. बायकोने फोन हातात घेतला.

"ठेव तो," तात्या म्हणाले. "मीच जातो."

ते घसरत, धडपडत खाली गेले. दार धाकट्यानेच उघडलं. वाटेत जुळवलेलं सगळं तात्या विसरले.

"धरण गळतंय. गढूळ पाणी येतंय. घरातल्या सगळ्यांना घेऊन वर चल," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. मी लपवलं."

धाकट्याने दाराआडचा पाना उचलला.

"दादा, ती ओल माझ्या खिडकीतून रोज दिसते."

"मग बोलला का नाहीस?"

"तू आधी बोलशील म्हणून थांबलो होतो."

त्याच्या जागी तात्यांनीही तेच केलं असतं. आत पाळण्यात नात गाढ झोपली होती. दोन हट्टी म्हाताऱ्यांनी आधी कोण बोलतं ते बघत तिला रोज इथेच झोपू दिलं होतं. तात्यांनी तिला पांघरुणासकट उचललं. घरातल्यांना हाका मारत धाकटा पाना घेऊन मागे निघाला, आणि वर पोचताच तात्यांनी नातीला बायकोकडे दिलं व दोघा भावांनी मिळून चाकाला पाना लावला.