काकांचा आवाज

"ताई, तुझा आवाज गेला त्यात," भाऊ म्हणाला.

"कशात?"

"ग्रुपवर. मोटरचा आवाज पाठवलास ना, त्यात."

तिने हातातली तांब्याची तार सोडली आणि आपणच पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. नवं बेअरिंग कसं वाजतं हे एका नवशिक्याला कळावं म्हणून तिने ते टाकलं होतं. आधी मोटर छान एका लयीत फिरत होती. मग मध्येच तिचा आवाज, चांगला खणखणीत: "हात लावू नकोस म्हटलं ना, वॉर्निश ओलं आहे अजून. अक्कल खुंटीला टांगून आलायस का?"

भाऊ हसत होता. हसण्यासारखं होतंच. तीही हसली असती, पण खाली उत्तरं यायला लागली होती.

मोटर आणि पंप दुरुस्त करणाऱ्यांचा तो ग्रुप. बिघडलेल्या मोटरचा आवाज टाकायचा आणि बाकीच्यांनी तो ऐकून रोग सांगायचा, अशी तिथली रीत. खरी नावं कुणाचीच नाहीत, सगळा टोपणनावांचा कारभार. ती दुकानाच्या फोनवरून लिहायची आणि लिहायची तेही तुटक. उघडून बघ. तार बदल. घाई नको. असं बोलणारा कुणीतरी पिकल्या मिशांचा म्हातारा असणार, हे त्यांनी परस्परच ठरवलं आणि तिचं नाव 'काका' पडलं. तिला त्याची गंमत वाटायची. वडील गेल्यापासून दुकानातलं सगळं वाइंडिंग, मोटरमध्ये तार गुंडाळायचं काम, ती करत होती, पण गिऱ्हाईक बोलायचं ते भावाच्या तोंडाकडे बघून. भाऊ नसला तर विचारायचं, "कुणी माणूस नाही का दुकानात?" ग्रुपवर तसं नव्हतं. तिथे तिच्या कानाला मान होता आणि तो तिला हवा होता. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

"काका कसले, या तर काकू निघाल्या."

"इतके दिवस उत्तरं कोण सांगत होतं मग? नवरा?"

"काकू, भांडी घासून झाली का? झाली की मोटरकडे बघा."

"आवाज झकास आहे. फोटो टाका, बाकीचं वाइंडिंगही तपासून घेऊ."

या शेवटच्या वाक्याखाली तर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कोण कोण हसलं ते तिने एकेक करून पाहिलं. पाहायला नको होतं. त्या रांगेत पंखेवाला होता.

पंखेवाला दूरच्या कुठल्याशा गावचा. हातात कसब, पण धीर नावाला नाही. रोज त्याचं काहीतरी अडायचं आणि रोज ती त्याला मार्गाला लावायची. "काका, तुम्ही नसता तर मी कधीच दुकानाला कुलूप लावलं असतं," असं तो परवाच लिहून गेला होता. बाकीचे हसले ते एक वेळ सोडून द्या. हा का हसला?

दुपारपर्यंत लोक खासगीत घुसले. एकाने विचारलं, दुकानात एकट्याच असता का. एकाने असलं काही चित्र पाठवलं की तिने फोन पालथा टाकला आणि मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. मग तिने ग्रुपच्या अॅडमिनला फोन लावला. माणूस बोलायला सभ्य होता.

"बाई, पुरुषांचा ग्रुप आहे, थोडी थट्टामस्करी व्हायचीच. तुम्ही मनावर कशाला घेता?"

"घाणेरडे फोटो पाठवतायत. ही थट्टा?"

"ते खासगीत. त्याला मी काय करणार? आणि खरं सांगू का, तुम्हीही लोकांना फसवलंतच की. काका म्हणवून घेत होतात."

"मी कधी म्हणवून घेतलं? तुम्हीच म्हणत होतात."

"बरं, राहिलं. फारच त्रास होत असेल तर बाहेर पडा. कुणी अडवलंय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण फोन तोवर बंद झाला होता.

"ताई, सोपं आहे," भाऊ म्हणाला. "मी सांगतो, काका मीच आहे. मागे बहीण बोलत होती. विषय संपला."

"आणि उद्या कुणी मोटरचा आवाज टाकला तर?"

"तू ऐकून मला सांग, मी लिहितो. काय फरक पडतो?"

तो मनापासून बोलत होता. त्याच्यावर धड चिडताही येईना, म्हणून तिला आणखीच चीड आली. त्या दिवशी ती नीट जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंखेवाल्याचा निरोप आला, खासगीत. सोबत मोटरचा आवाज होता. "काका, खूप अडचणीत आहे. नवं वाइंडिंग केलं तरी मोटर गुरगुरते. गावाच्या पाण्याची आहे, लोक दारात उभे आहेत."

तिने आवाज ऐकला. दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती. तरी तिने आधी वेगळंच विचारलं.

"काल हसलास?"

उत्तर आलं. "सगळेच हसत होते. मी नाही हसलो तर माझ्या मागे लागले असते. तुम्ही मला आईसारख्या आहात."

"काल काकासारखी होते."

"चुकलो. पण रोग सांगा ना."

"ग्रुपवर विचार. ग्रुपवर सांगते."

"इथेच सांगा की. तिथे उगाच तमाशा होईल."

तिने फोन बाजूला ठेवला. जीव तुटत होता, दारात उभ्या राहिलेल्या लोकांसाठी आणि खरं म्हणजे त्या मोटरसाठीही. पण ती थांबली. शेवटी त्याने ग्रुपवर आवाज टाकला. तिने भावाकडे पाहिलं, फोन तोंडापाशी धरला आणि बोलली, लिहिलं नाही.

"बेअरिंग घासत नाहीये. एक कॉइल उलटी जोडलीय तू. मोटर बंद कर, नाहीतर जळेल. जोडण्या पुन्हा तपास आणि उलटी आहे तिची टोकं बदल."

आवाज ग्रुपवर गेला.

लगेच कुणीतरी लिहिलं, "आकाशवाणी झाली." मग हसरे चेहरे. मग कुणीतरी बेअरिंग बदलायला सांगितलं, कुणी व्होल्टेजवर खापर फोडलं. तिच्या बोलण्याला हो नाही आणि नाहीही नाही. खाली पंखेवाल्याने लिहिलं, "जाणकारांनी कृपया सांगावं." तिने ते वाचलं आणि कामाला बसली. तार दोनदा तुटली.

जेवणाच्या सुमाराला फोन वाजला. खासगीत जोडलेले हात आले होते. "काका, उलटीच होती. सुरू झाली. फार उपकार झाले."

तिने ग्रुप उघडला. तिथे कुणीतरी विचारलं होतं, काय झालं रे त्या मोटरचं? पंखेवाल्याचं उत्तर होतं, "झालं काम. एक कॉइल उलटी होती. शोधून काढली मी." खाली शाबासकीचे अंगठे होते. अॅडमिनचाही होता.

"आलं का काही उत्तर?" भावाने गल्ल्यावरून विचारलं.

"आलं. सुरू झाली मोटर."

"काय होतं मग?"

"कॉइल उलटी होती," ती म्हणाली. "त्याची त्यालाच सापडली म्हणे."

तिने तारेचं नवं रीळ घेतलं, टोक शोधलं आणि अर्धवट राहिलेली कॉइल पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.