थंडीत चालणारा कूलर

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कूलर आहे आणि मला भर डिसेंबरात चालवतात. नागपुरात हे कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "काहून गा?" म्हणजे का बरं? तेच सांगतो. फार रंगवून मात्र सांगता येणार नाही. पत्र्याला सुखदुःख जरा उशिरानंच कळतं.

लकडगंजातल्या लाकडाच्या टालीचे, म्हणजे वखारीचे, मालक नत्थूजी यांनी मला त्यांच्या मुलासाठी, विक्कीसाठी घेतलं. मी चालू असलो की स्वतःच्या घरघरीत मला खोलीतलं काही ऐकू येत नाही. जाळीला तोंड लावून कोणी बोललं, तर तेवढं पात्यांपर्यंत पोचतं. लहानगा विक्की तेच करायचा. "आऽऽ" असं ओरडायचा, आवाज थरथरत परत यायचा आणि तो पोट धरून हसायचा. "जाळीत नाक जाईन ना बे!" असं नत्थूजी त्याला मागे ओढत जाळीपाशीच रागवायचे. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून स्वतःही एकदा करायचे.

विक्की मोठा झाला. एका दुपारी मोटरसायकलवर जवळच्या कन्हान गावाला गेला, तो परत आलाच नाही. रस्त्यात अपघात झाला.

नत्थूजी रडले नाहीत. टालीवर जात, वाढलेलं जेवत, झोपत. विक्कीचं नाव मात्र त्यांनी पुन्हा घेतलं नाही. मी अंगणात बंद पडून होतो. आम्ही दोघं सारखेच झालो होतो.

विक्कीची मोठी बहीण मयुरा शिकून समुपदेशक झाली. म्हणजे मन जड झालेल्या माणसाचं नीट ऐकून घेणारी, त्याला वाट शोधायला मदत करणारी. प्रताप नगरात तिला चकचकीत जागा मिळत होती. ती म्हणाली, "तिथवर आपल्या मोहल्ल्यातले लोक नाही येत बाबा. मले टालीमागची जागा द्या."

"बोलून का होते वं?" नत्थूजी म्हणाले. पण खोली बांधून दिली. आता टालवाला माणूस विटांच्या भिंती कशाला घालेल? त्यांनी ऐटीत उत्तम प्लायवूड लावलं. बाहेर बाक ठेवला आणि मला खिडकीत बसवलं.

उन्हाळाभर लोक आले. हमाल आले, दुकानदार आले, परीक्षेला घाबरलेली मुलं आली. सगळे भरभरून बोलताना दिसत. थंडी आली, मी बंद झालो आणि लोकांची तोंडंही बंद झाली. मयुराच्या लक्षात आलं की प्लायमधून सगळं बाकावर ऐकू जातं आणि माझी घरघर ते झाकत होती. तिनं माझ्या टाकीतलं पाणी काढलं, वारा कोणाच्या अंगावर येऊ नये म्हणून मला खिडकीतून आत घेऊन तोंड भिंतीकडे फिरवलं आणि नुसता पंखा चालू केला. लोक पुन्हा बोलू लागले.

नत्थूजींना मात्र लाज वाटली. "लोक हासून राह्यले, टालवाल्याची पोरगी थंडीत कूलर लावते म्हणून!" मयुरानं कारण सांगितलं तर ते जास्तच चिडले. "माह्या प्लायमधून आवाज जाते?" त्यांनी गरम हवाही देणारा, अजिबात आवाज न करणारा एसी आणला. माझी रवानगी बाहेर, बाकाशेजारी झाली.

बंद असल्यामुळे तिथं मला सगळं ऐकू येई. एक दिवस श्वेता नावाची तरुण आई आत बसली होती. "बाळ रडते ताई, अन् मले काहीच वाटत नाही. काहीच नाही." बाकावरच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. श्वेता बाहेर आली, ते चेहरे तिनं पाहिले आणि खाली मान घालून गेली. पुन्हा आली नाही. मयुरा तिच्या घरी गेली, तर दार उघडलं नाही. हळूहळू बाक रिकामा झाला.

श्वेता बोलत होती तेव्हा नत्थूजीही बाकावर होते. त्यांच्या हातातला पेपर तसाच राहिला.

काही दिवसांनी त्यांनी मला स्वतः ओढत आत नेलं.

"बाबा, हे काहून?"

"आयकू येते वं. सारं आयकू येते. माह्यं चुकलं." ते खुर्चीवर बसले. "मले बी काही वाटत नाही, मयुरा. विक्की गेल्यापासून. तेच बोलाचं हाये."

मयुरा खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "मी तुमची पोरगी आहो बाबा, घरच्या माणसाचं हे काम मले नाही करता येत. तुमच्यासाठी दुसऱ्या ताई पाह्यतो."

"पाह्यजो. आज तू आयक. आधी हा चालू कर."

मी चालू झालो. ते काय बोलले ते मला ठाऊक नाही. एकदा त्यांनी जमिनीपासून थोडा वर हात धरलेला दिसला, लहान मुलाची उंची दाखवतात तसा.

दुसऱ्या दिवशी मयुरा पुन्हा श्वेताच्या दाराशी गेली आणि बाहेरूनच म्हणाली, "कूलर लावला आहे. आता बाहेर काही आयकू नाही जात." आता श्वेता बाळाला घेऊन येते. कधी तिच्यासोबत मयुराच्या ओळखीची डॉक्टरही असते.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, रंग द्या, असं काही मी मागत नाही. कोणी मन मोकळं करत असेल तर बाकावर बसून कान लावू नका. थोडं लांब सरका, नाहीतर आपसात मोठ्यानं गप्पा मारा. तेवढं तुम्हालाही जमेल.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मयुराशी बोलून झाल्यावर नत्थूजी उठले आणि त्यांनी माझं तोंड स्वतःकडे फिरवलं. खाली वाकून जाळीला तोंड लावलं आणि म्हणाले, "आऽऽ."

तेवढं मला ऐकू आलं.