शाळेच्या कम्प्युटरातला हॉग्नी

या, असे जवळ सरका. दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. आमच्या फेरो बेटांवर कडी लावायची रीतच नाही. शेजारीण दार न वाजवता आत येते आणि आपली आपण कॉफी ओतून घेते. आज सांगतो ती गोष्ट या उघड्या दाराचीच आहे. कोणतं दार उघडं ठेवायचं आणि कोणतं नाही, ते ऐकून झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा.

त्या वर्षी शरदात आमच्या शाळेत शुक्रवारी दुपारी जेवढी माणसं जमत, तेवढी नाताळात चर्चमध्येही जमत नसत. कम्प्युटरच्या वर्गात खुर्च्या पुरायच्या नाहीत. खिडक्यांचे पडदे ओढलेले, समोर एकच स्क्रीन उजळलेली, तिच्यावर कोरं पान. कीबोर्डला कुणाचा हात नाही. आणि तरी पानावर एकेक अक्षर उमटायचं: ‘आई, मी इथंच आहे.’

समोरच्या खुर्चीत एल्स्पा बसलेली असायची. तिचा सतरा वर्षांचा मुलगा हॉग्नी मार्चमध्ये बोट घेऊन समुद्रात गेला. बोट सापडली, तो सापडला नाही. तेव्हापासून एल्स्पा बधिर झाली होती. मासळीच्या कारखान्यात सुरी चालवायची, घरी येऊन बटाटे उकडायची. बोट कापलं तरी रक्त दिसेपर्यंत तिला कळायचं नाही. चर्चमध्ये गाणं उचलायचं ते तिनेच, असा तिचा आवाज. पण आता ती ओठ मिटून बसायची.

हा चमत्कार आणला होता प्रेबेन नावाच्या डॅनिश गृहस्थाने. लांब कोट, कोटाला खिसेच खिसे, आणि आवाज लोण्यात बुडवलेला.

“मंडळी, आत्मा म्हणजे लहर,” तो म्हणायचा. “लहरीला वाहन लागतं. पूर्वी टेबलं हलायची. काळ पुढे गेला, तसे आत्मेही पुढे गेले.”

“आत्मे शिकले म्हणायचे,” म्हातारी मलेना पुटपुटायची. “माझा नवरा जिवंतपणी टीव्ही लावायलासुद्धा मला हाक मारायचा.”

तरी मलेनासुद्धा दर शुक्रवारी यायचीच. आणि नवऱ्याचे फोटो नातवाकडून पेन ड्राइव्हवर भरून तिनेही प्रेबेनला दिलेच होते. तशी त्याची अटच होती: गेलेल्या माणसाचे फोटो, पत्रं, आवाज, सगळं पेन ड्राइव्हवर द्यायचं. “आत्म्याला ओळखीची वाट लागते.” तो ते पेन ड्राइव्ह मुक्कामाच्या खोलीवर न्यायचा. पुढच्या शुक्रवारी आत्मा हनुवटीवरच्या जुन्या खुणेबद्दलही बोलायचा. दारातल्या टोपलीत लोक नोटा टाकायचे, वाळवलेल्या मटणाच्या तंगड्या ठेवायचे.

आमच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी समुद्रात राहिलेल्यांची नावं स्मारकापाशी मोठ्याने वाचतात. प्रेत मिळालं नाही, तर तेवढीच त्याची मूठमाती. हॉग्नीचं नाव वाचू का, असं पाद्रीबाबा एल्स्पाला विचारायला आले, आणि त्याच आठवड्यात स्क्रीनवर उमटलं: ‘आई, माझं नाव वाचू देऊ नकोस. मी गेलेलो नाही. मला थंडी वाजत नाही.’

एल्स्पाने पाद्रीबाबांना ‘नाही’ म्हणून कळवलं.

दोन दिवसांनी रान्वा तिच्या स्वयंपाकघरात आली. रान्वा शाळेत गणित आणि कम्प्युटर शिकवायची. हॉग्नीलाही तिनेच शिकवलं होतं. तिने कॉफी ओतून घेतली, पण प्यायली नाही.

“एल्स्पा, शाळेतल्या सगळ्या कम्प्युटरांची यूएसबीची तोंडं मी बंद करायची म्हणतेय. शाळेने मान्य केलेला कीबोर्ड आणि माऊस चालेल. बाकी कुणी काही खोचलं तर यंत्र ते घेणारच नाही.”

“कशाला?”

“मुलं घरून पेन ड्राइव्ह आणतात, एका यंत्राचा रोग साऱ्या शाळेला लागतो. मी कधीची सांगतेय. निक्लास म्हणतो, गावात दाराला कडी नाही आणि तू कम्प्युटरला लावतेस?” निक्लास म्हणजे मुख्याध्यापक. “पण आता दुसरंच निघालंय. त्या वर्गातल्या यंत्राला मी विचारलं, तुला काय काय जोडलंय. ते म्हणालं, दोन कीबोर्ड. टेबलावर एकच आहे, एल्स्पा.”

एल्स्पा बटाटा सोलत राहिली. “तू कडी लावलीस तर माझा पोरगा बाहेर राहील.”

“अगं, पण...”

“एकदा राहिलाय तो बाहेर.”

रान्वाने कप खाली ठेवला. “बरं, नाही लावत. आणि तुला काही दाखवतही नाही, नाहीतर म्हणशील मीच ठेवलं. पण शुक्रवारी मी हाक मारली तर उठून येशील?”

“बघू,” एल्स्पा म्हणाली.

शुक्रवारी प्रेबेनने नेहमीसारखे डोळे मिटले आणि हात खिशात घातले. “तो येतोय,” तो म्हणाला. “लाटांवरून येतोय. अक्षरं उमटताहेत. वाचा, मंडळी, मोठ्याने वाचा.”

कुणी वाचेना.

“वाचा ना.”

“काय वाचू?” मलेना म्हणाली. “कोरं आहे.”

“संशयाने लहर अडते, बाई. मन मोकळं करा. तो बोलतोय, मला ऐकू येतंय.” डोळे अजून मिटलेलेच.

इतक्यात दारातून रान्वाने हाक मारली. “एल्स्पा, जरा इकडे ये.”

एल्स्पा उठली. तिच्यामागे सगळी खोली उठली. बाहेर भिंतीवर जेवणाची पाटी होती, म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातला कम्प्युटर आठवड्याचे पदार्थ जिथे दाखवतो ती स्क्रीन. तिच्यावर लिहिलं होतं: ‘गुरुवार: उकडलेला मासा, बटाटे, लोणी. शुक्रवार: मटणाचं सार. आई, मी इथंच आहे.’

आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यापुढे अक्षरं उमटत गेली: ‘आई, रडू नकोस.’

एल्स्पा रडत नव्हती.

“हॉग्नी जेवायला गेला वाटतं,” मलेनाच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. कुणी हसलं नाही.

रान्वाने शेजारच्या स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या यंत्राच्या मागून नखाएवढा तुकडा उपटला. पाटीवरचं वाक्य अर्ध्यात थांबलं. “हा बिनतारी कीबोर्डची अक्षरं पकडणारा तुकडा,” ती म्हणाली. “वर्गातल्या यंत्राला मागून लावलेला होता. सकाळी मी काढून इथं लावला. जिथं हा, तिथं हॉग्नी.”

निक्लास आत गेला. प्रेबेनचा हात त्याने खिशातून बाहेर काढला तेव्हा त्यात तळहातावर मावेल एवढा कीबोर्ड होता.

“मी केवळ माध्यम आहे,” प्रेबेन म्हणाला.

“मग खिसे रिकामे करून माध्यम हो,” मलेना म्हणाली. आयुष्यभर परक्या माणसाशी अहो-जाहो बोललेली बाई ती. “आणि माझ्या म्हाताऱ्याचे फोटो दे परत.”

एल्स्पा अजून पाटीपुढेच उभी होती. “त्याच्या हनुवटीची खूण?”

“तू दिलेल्या फोटोंत होती,” रान्वा म्हणाली.

“आणि मला लाडाने मम्मूस म्हणायचा, ते?”

“त्याचे आवाज दिले होतेस ना पेन ड्राइव्हवर.”

एल्स्पाने पाटीवरचं अर्धं वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “म्हणजे त्याला थंडी वाजली.”

खोटं बोलणं त्या क्षणी फार सोपं होतं. प्रेबेनने तेच विकलं होतं. रान्वा म्हणाली, “हो. वाजली असणार. पण आपलं पाणी माणसाला लवकर बधिर करतं. मग कळत नाही.”

एल्स्पाने मान हलवली. बधिर होणं तिला ठाऊक होतं.

“ती तोंडं बंद कर,” ती म्हणाली. “आजच कर.”

मंडळी, मी देव मानणारा माणूस आहे. रविवारी चर्चमध्ये गाणं सुरू झालं की माझे डोळे भरतात. म्हणूनच सांगतो. देवाला यायचं असेल तर तो यंत्राच्या पाठीमागे नखाएवढा तुकडा लपवून येत नाही, आणि आपल्या मेलेल्यांचे फोटो आधी मागून घेत नाही. घराचं दार शेजाऱ्यासाठी उघडं ठेवा. यंत्राचं तोंड मात्र विचारल्याशिवाय कुणाला उघडू देऊ नका. आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या डोळ्यांकडे बघू नका, हात कुठे आहेत ते बघा.

स्मारकापाशी त्या वर्षी वारा फार होता. पाद्रीबाबांनी नाव वाचलं. एल्स्पा रडली नाही. गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द सगळे बरोबर होते.

आता निघताना दार लोटून घ्या. आणि एवढं करा: पाण्याकाठी गार वारा लागला, की आमच्या हॉग्नीची आठवण काढा. त्याला थंडी वाजली होती.