साडेचार शब्दांचं पेन

पेन बरोबर साडेचार शब्द लिहायचं. दीपालीने अकरा वेळा मोजून पाहिलं होतं. पहिले दोन शब्द गर्द निळे, तिसरा फिकट, चौथ्यात नुसत्या उभ्या रेघा, आणि पाचव्याच्या मध्यावर निब कोरडी. पेन उलटं धरून जरा थांबलं की पुन्हा साडेचार.

तिला लिहायचं होतं ते वाक्य आठ शब्दांचं होतं. ‘संशोधक विद्यार्थिनी म्हणून ही जागा मी स्वीकारत आहे.’ प्रत्येक वेळी ते ‘जागा’पाशी तुटायचं. पाषाणच्या प्रयोगशाळेचं पत्र येऊन पाच महिने झाले होते. त्यांनी एकदा मुदत वाढवून दिली होती, ती सोमवारी संपत होती. घरात पेला भरून बॉलपेनं होती. पण हे वाक्य आईच्या पेनने लिहायचं, असं तिने ठरवलं होतं. आई महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि सगळ्या सह्या याच पेनने करायची. पेन अडतं म्हणून आपण थांबलो आहोत की थांबायचं आहे म्हणून पेनचं निमित्त करतो आहोत, हा प्रश्न दीपालीला पडायचा, आणि ती तो बाजूला ठेवायची.

वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. रसायनशास्त्रात एमएस्सी केलेल्या मुलीला कंपनीने दोन हजार सालाच्या वायटूके गडबडीत प्रोग्रॅम तपासायला घेतलं, ती गडबड सरली तरी मुलगी टिकली, याचं सुखदेवना फार कौतुक. वारज्यातल्या त्यांच्या इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या पाच मिनिटांत ते सांगत, “आमची दीपा सॉफ्टवेअरला आहे.”

शनिवारी ती पेन घेऊन बुधवार पेठेत गेली. रेडिओ, वायरी आणि कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांमागे, कपाटाएवढ्या जागेत नागोराव पेनं दुरुस्त करायचे. त्यांनी पेन तळहातावर आडवं ठेवलं.

“शाई कुठली भरता?”

“निळी.”

“आभाळही निळंच असतं, ताई. बाटली कुठली?”

“घरातली. आईची आहे.”

“मग आईंना विचारून सांगा.”

“आईला जाऊन सहा वर्षं झाली.”

नागोरावांनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि बाटली अजून संपली नाही?”

रेणूंच्या आकृत्या काढायला दीपाली दर रविवारी त्याच बाटलीतून पेन भरत होती आणि हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता.

नागोरावांनी निब आणि तिच्याखालची काळी जीभ ओढून काढली. जिभेवरच्या बारीक खाचेत साईसारखा काळपट गाळ बसला होता. “शाई खाली उतरायची तर तेवढीच हवा वर जावी लागते. इथं दोघींची वाट बुजलीय. उद्या दुपारपर्यंत साध्या पाण्यात ठेवा. गरम पाणी नको, आणि सुई तर मुळीच नको. शिकलेली माणसं हमखास सुई घालतात.” पेनाचे भाग कागदात गुंडाळत ते म्हणाले, “अन् तीच शाई पुन्हा भरणार असाल, तर पुढच्या महिन्याची वेळ आत्ताच ठरवून जा.”

घरी येऊन तिने काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, निब आणि जीभ त्यात सोडली आणि पेला खिडकीत ठेवला. काही क्षण काहीच घडलं नाही. मग खाचेतून एक निळा धागा सुटला, सरळ तळाशी गेला आणि तिथे पसरून पुन्हा वर येऊ लागला. त्याच्यामागून दुसरा निघाला. धागे एकमेकांत गुंतत, विरत होते. समोर नवी इमारत उठत होती. तिच्या बांबूंच्या परांच्या पाण्यातून वाकड्या, निळसर, तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. दीपालीला वाटलं, आपणही त्या पाण्यातच बसलो आहोत, आणि वरून कुठून तरी आई पेन झटकत म्हणते आहे, काय दिसतं ते आधी सांग, का दिसतं ते मागून बघू. किती वेळ गेला कोण जाणे. पाणी संध्याकाळच्या आभाळाच्या रंगाचं झालं तेव्हा ती उठली.

रविवारी सकाळी पाणी दोनदा बदलून झाल्यावर तिने आईच्या बाटलीतला एक थेंब टिपकागदावर टाकला. थेंब पसरला आणि फुटला. मधोमध काळे कण, भोवती निळं कडं, त्याबाहेर जांभळं, आणि अगदी कडेला पोपटी छटा. एका शाईची ही कडी नव्हेत.

सुखदेव चहा घेऊन आले आणि कागद पाहून दारातच थबकले.

“बाबा, या बाटलीत कोण शाई भरतं?”

“मीच.” त्यांनी कप खाली ठेवला. “अर्ध्यावर आली की भरतो, आठ-नऊदा झालं असेल. जी मिळेल ती. तिची बाटली रिकामी दिसायला नको वाटायची.”

“वेगवेगळ्या शाया एकत्र केल्या की कधीकधी गाळ धरतो.”

“मला कुठनं कळणार? मी जन्मभर जमिनीचे उतारे लिहिले. केमिस्ट्रीवाली तू.”

“तीन वर्षं कॉम्प्युटरवर आहे मी.”

“म्हणून विसरलीस होय?”

सुखदेवनी बाटली उजेडात धरली. “हिच्यात तिची शाई किती उरली असेल?”

प्रत्येक वेळी निम्मी, आणि असं आठ-नऊ वेळा. दीपालीच्या मनात उत्तर तयार होतं, पाचशेत एक भाग.

“थोडी असेल,” ती म्हणाली.

“तू हिशेब केलास. तुझ्या तोंडावर दिसतो.” ते बाटली घेऊन मोरीकडे गेले आणि त्यांनी स्वतःच ती हळूहळू ओतली. शेवटी तळाचा गाळ निघाला. बाटली तीन पाण्यांनी धुऊन, पुसून त्यांनी परत आणली. “आता हिच्यात एकच शाई भर. कुठली ते तू ठरव.”

दुपारी पेल्यातलं पाणी स्वच्छ राहिलं. तिने निब जुन्या मलमलीने टिपली, जीभ आणि निब जागेवर बसवली, नव्या शाईने पेन भरलं आणि कोरा कागद पुढे घेतला. संशोधक. विद्यार्थिनी. म्हणून. ही. ‘जागा’ लिहिताना तिचा हात सवयीने थांबला. निब थांबली नाही. पुढचे तीन शब्द पहिल्याइतकेच गर्द उमटले.

“लिहितंय की,” सुखदेव मागून म्हणाले. “दर रविवारी ते रेणू काढत बसतेस, तेच का? वाच बघू, माझा चष्मा आत राहिलाय.”

दीपालीने पेनाला टोपण लावलं, कागद पालथा ठेवला आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“बाबा, मी कंपनी सोडतेय. एक तारखेपासून प्रयोगशाळेत जाणार आहे.”