दिवसा न लावलेली मच्छरदाणी

मी मच्छरदाणी बोलतेय. दारामागच्या खिळ्याला पिशवीत लोंबकळणारी. तुम्हाला माझी आठवण दिवे लागल्यावर होते आणि उजाडलं की मला गुंडाळायची कोण घाई! माझं दुःख तिथंच आहे.

बसवकल्याणच्या बाजारात राजूबाईनं मला घेतलं. जाळी उजेडाला धरून, दोरे ओढून, दुकानदाराचा जीव खाऊन. तिची लेक अंबिका पहिल्या बाळंतपणाला खजुरीला माहेरी आली होती. पल्लवी झाली, माझ्याच आडोशाला वाढली. मायलेकी सासरी निघाल्या तेव्हा पाळण्याबरोबर मलाही बांधून दिलं. राजूबाईनं लेकीला बजावलं, "अंबे, आता दिसा मच्छरदाणी लावायची न्हाई बघ. दिसा लागती ती बाळंतिणीला, न्हाईतर दुखणाइताला. उगी दुखण्याला आवतण कामून द्यायचं?"

अंबिकेचा नवरा शिवराज बिदरला कोळारच्या कारखान्यांच्या वसाहतीत, गोदामात कामाला. पत्र्याची एक खोली. नळाला रोज पाणी नाही, म्हणून दारोदारी भरलेली पिंपं. अंबिका आईचा शब्द मोडणारी नव्हे. दिवेलागणीला मला बांधायची, कडा गादीखाली अशा खोचायची की मुंगी शिरू नये. पल्लवी आत बसून जाळीत बोटं घालायची, माझी भोकं मोठी करायची. द्वाड पोर! पण माझा फार जीव होता तिच्यावर.

शाळेतून आली की दुपारी मात्र ती उघडीच झोपायची. पांढऱ्या ठिपक्यांचा डास तिच्या पोटरीवर बसलेला मी खिळ्यावरून बघायचे. ओरडणार कशी?

यंदा पावसाळ्यात गल्लीत एका घराआड डेंगू. पक्क्या घरातल्या मास्तरांना झाला, गोदामातल्या हमालांनाही झाला. डास कुणाची ऐपत विचारतो होय! लेकरांचे मात्र फार हाल झाले. सरकारी दवाखान्याची आशाताई दारोदार सांगत फिरत होती, "अक्का, ह्यो डास दिसा चावतोय. पिंपं झाका, लेकराला दिसाबी मच्छरदाणीत निजवा."

अंबिका हसली. "दिसा? आमच्यात कुणी आजारी न्हाई, बाई." पिंपं तेवढी तिनं झाकली.

मग पल्लवी तापानं फणफणली. "आई, डोळं दुखायलेत," म्हणून कण्हायची. रक्त तपासलं तर डेंगूच. आता मी दिवसाही लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "ताप उतरला तरी निर्धास्त राहू नका. पोट दुखलं, उलटी झाली, तर तडक घेऊन या."

एका सकाळी पोरीचं अंग थंड लागलं. अंबिकेचा आनंद काय सांगू! "अवो, ताप उतरला! दुखणं गेलं!" आणि दुखणं गेलं म्हणून आधी तिनं मला काढलं. धुऊन वळणीवर टाकलं. शिवराज कामावर गेला. पल्लवीचं पोट दुखायला लागलं, ती ओकली. अंबिका म्हणाली, "उपाशी हाईस म्हणून व्हायलंय माय. दोन घास भात खा." ताप नव्हता ना! संध्याकाळी पोरीचे हातपाय गारठले तेव्हा तिनं गोदामात निरोप धाडला. शिवराज रिक्षा घेऊन आला. दवाखाना गाठला, पण उशीर झाला होता. माझी पल्लवी परत आली नाही.

राजूबाई आली ती उंबऱ्यातच बसली. "जळो माझी जीभ," एवढंच म्हणाली. अंबिकेनं तिला हाताला धरून आत घेतलं.

काही दिवसांनी शेजारच्या पार्वतीबाईंच्या नातीला तोच ताप आला. तो उतरल्याचं कानावर आलं तशी अंबिका मला उचलून अनवाणी धावली. "मावशी, बरी झाली म्हणू नका! आताच जपायचं असतंय. पोट दुखायलंय का तिचं?"

"व्हय, सकाळपासून."

"मग थांबू नका, दवाखान्यात न्या. अन् ही मच्छरदाणी ठेवा."

पार्वतीबाईंनी मला हात लावला नाही. गेलेल्या लेकराची वस्तू कोण घेणार? पण नातीला उचलून त्या तशाच निघाल्या. पोर वाचली.

बायांनो, लेकरू हसतंखेळतं असतानाच लावा मला, दिवसाढवळ्या. त्यानं दुखणं येत नाही.

अंबिका मला घेऊन घरी आली आणि माझ्यात तोंड खुपसून रडली. मी पडले जाळी. मला तिचे डोळेसुद्धा पुसता आले नाहीत.