टाक

भोजराजने पेटीतला मखमलीचा खण पुन्हा बोटाने चाचपला. खण रिकामाच होता.

"मधला कोबान कुठे गेला?" मधुकररावांनी विचारले. अख्खा संच विकत घेऊन जायला ते सकाळीच नागपूरहून कारध्याला आले होते. एक जरी कमी असला तरी सौदा नाही, हे त्यांनी फोनवरच बजावले होते.

"असेल. इथंच असेल."

भोजराज पार थकला होता. धानाच्या व्यापारात जे कमावले, ते त्याने हौसेने कोबान या जुन्या जपानी नाण्यांत घातले होते. लांबट गोल, पानासारखे पातळ सोन्याचे पत्रे. शिक्का खरा की खोटा हे तो भिंगाखाली एका नजरेत सांगे. पण वीरेंद्र गेला आणि भिंगावर धूळ बसली. एकुलता एक पोरगाच गेल्यावर हे जपायचे कोणासाठी? पेटी एकदाची घराबाहेर जावी आणि आपण स्वस्थ पडावे, एवढेच त्याला हवे होते.

कपाट उपसून झाले, गादी उलटून झाली. शेवटी त्याने बायकोला हाक मारली.

"पेटीले हात लावला होता का तू?"

रत्नाबाई पदराला हात पुसत दारात आली. पाहुण्यांकडे तिने पाहिलेच नाही.

"लावला होता."

"मंग कुठं आहे तो?"

"देवघरात. रोज सकाळी त्यालेच तर हात जोडून राहिले तुमी."

भोजराज देवघराशी गेला. वडिलांच्या चांदीच्या टाकाला लागून कोबान उभा होता, हळदीकुंकवाने माखलेला, चिंचेने घासून घासून शिक्के पुसट झालेला. इतके दिवस त्याने डोळे मिटूनच नमस्कार उरकला होता.

गेलेल्या माणसाची आकृती पत्र्यावर ठोकून घ्यायची आणि तो टाक वर्षाच्या आत देवांत बसवायचा, ही त्या घरची रीत. रत्नाबाईने कितीदा विषय काढला आणि 'पाहू, करू' म्हणत त्याने कितीदा टाळला. सोनारासमोर बसून पोराचा चेहरा सांगायचा, या नुसत्या विचाराने तो चपला घालून घराबाहेर पडे.

"तुमच्यानं होऊन नाही राहिलं, म्हणून मीच बसवला," ती नाण्याच्या शिक्क्यांवर बोट फिरवत म्हणाली. "वरतं हा फेटा. हे हात. इथं तोंड."

मधुकरराव मागून डोकावले.

"अरेरे, फार घासलाय हो! पण असू द्या. कुंकू तेवढं धुऊन द्या, संच तर पुरा होतो."

भोजराजने मागे वळून पेटी मिटली.

"तुमाले उगाच हेलपाटा झाला, मधुकरराव. एक नाणं कमीच आहे."

गाडी गेल्यावर त्याने सदऱ्याने भिंग पुसले आणि तो देवघरासमोर बसला. पंख्याच्या आकाराचा शिक्का, त्यात फूल, खाली टांकसाळीच्या प्रमुखाची सही. सगळे त्याला तोंडपाठ होते.

"तोंड कोणतं म्हणालीस?"

रत्नाबाईने करंगळी त्या सहीवर टेकवली.

"हे. नाक पाहा, तुमच्यावानी."

भोजराजने भिंग जवळ नेले.

"माह्यावानी नाही," तो म्हणाला. "तुह्यावानी आहे."