अकरा पानांचं पाणी

चर्चच्या मागच्या खोलीत तेरा खुर्च्या होत्या, नऊ माणसं होती आणि कादंबरीच्या सहा प्रती. चार प्रतींमध्ये एकाच पानाचा कोपरा दुमडलेला होता. संपादकाने पाचवी प्रत उचलली, तेच पान काढलं आणि समासात पेन्सिलीने उभी रेघ ओढायला सुरुवात केली.

"थांबा हो साहेब," नर्स म्हणाली. "आधी आम्हाला बोलू तरी द्या."

"बोला की. कान तुमच्याकडेच आहेत. नुसता हात कामाला लावलाय."

सगळे हसले. लेखिका हसली नाही. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची आणि ही तिची पहिलीच कादंबरी. पहिली आवृत्ती संपली होती. दुसरी काढायला संपादकाची एक अट होती : तळघरातली अकरा पानांची प्रार्थना एका पानात बसवायची. तिचं उत्तर येईना, तेव्हा तोच म्हणाला होता की तुमच्या वाचकमंडळालाच विचारू. ते म्हणतील ते दोघांनी मान्य करायचं.

कादंबरीत चर्चच्या पाळकाच्या मुलीला खुनी कोण ते कळतं. तो खुनी तिला तळघरात कोंडतो आणि पाण्याचा मोठा पाइप फोडून निघून जातो. पाणी चढत राहतं आणि ती प्रार्थना करत राहते.

"मला विचाराल तर तीच खरी कादंबरी," नर्स म्हणाली. "काढायचेच असतील तर ते दोन खून काढा. रक्त मी ड्युटीवर कमी बघते का?"

"खून काढल्यावर रहस्य कसलं उरणार?" चर्चची गाणी बसवणारे क्वायरमास्तर उसळले. "नुसतं प्रवचन होईल. ते आम्हाला दर रविवारी फुकट मिळतं."

"मिळतं, पण तुम्ही तेव्हा झोपलेले असता," लेखिकेची आई म्हणाली.

"मी डोळे मिटून ऐकतो, वहिनी."

"आणि घोरत ऐकता."

हशा ओसरल्यावर आईने पुस्तक मांडीवर पालथं घातलं. "माझी तक्रार वेगळीच आहे. ही पोरगी देवाशी भांडते. प्रार्थनेत इतकं उर्मट कोणी बोलतं का? काढून टाका ते."

"आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"इथे मी वाचक आहे. आई घरी गेल्यावर."

संपादकाने हात वर करायला सांगितले. 'ठेवा'ला तीन हात आले, 'काढा'लाही तीन. लेखिका आणि संपादक यांना मत नव्हतं. राहिले नळवाले काका. गावातल्या निम्म्या घरांचे नळ त्यांनीच बसवलेले, आणि पुस्तकातला प्रत्येक खून आपल्याला आधीच कळला होता असं सांगायची त्यांना खोड होती. ते उठून उभे राहिले.

"देवाशी माझा वाद नाही. माझा वाद पाण्याशी आहे."

"आता हे काय नवीन?" क्वायरमास्तर पुटपुटले.

"ऐका तर. तळघर बारा बाय दहाचं, पाइप चार इंची, हे पुस्तकातच लिहिलंय. असा पाइप फुटला तर सेकंदाला तेरा लिटर पाणी येतं. पोरीच्या हनुवटीपर्यंत भरायला पंधरा हजार लिटर लागणार. म्हणजे झाली सव्वाएकोणीस मिनिटं. आणि ही बाई अकरा पानं, म्हणजे निवांत अर्धा तास, प्रार्थना करते! आमेन म्हणायला उरेल का ती?"

संपादकाचा चेहरा खुलला. लेखिका एवढंच म्हणाली, "काका, आपल्या मंडळाचा रिवाज आहे."

"माहितेय, पोरी. मीच पाडलाय तो. जे काढायचं, ते आधी उभं राहून मोठ्याने पुरतं वाचायचं." त्यांनी खिशातून फोन काढला, त्यातलं सेकंद मोजणारं घड्याळ लावून तो आईच्या हातात दिला. "वहिनी, पहिल्या शब्दाला बटण दाबा, आमेनला पुन्हा दाबा. मी रेंगाळणार नाही आणि घाईही करणार नाही. माझ्या हिशेबाशी अर्ध्या मिनिटाच्या फरकात जुळलं, तर माझं मत 'ठेवा'. मग एका अक्षराला कोणी हात लावायचा नाही. नाही जुळलं तर, साहेब, तुमची रेघ खरी."

"मंजूर," संपादक म्हणाला.

काकांनी घसा खाकरला. पहिलं पान त्यांनी मुद्दाम नाकातून, गळा काढून वाचलं. क्वायरमास्तर रुमालात हसले. दुसऱ्या पानावरही आवाज तसाच होता. तिसऱ्या पानावर मुलगी देवाला म्हणते, ऐकणार नसशील तर निदान नाही तरी म्हण. तिथे काका अडखळले आणि ते वाक्य त्यांच्या नेहमीच्या आवाजात आलं. त्यानंतर तो आवाज बदलला नाही.

पाणी गुडघ्याला लागलं. ती बापाविषयीच्या तक्रारी सांगत होती, न केलेल्या क्षमा एकेक करून मोजत होती. पाणी कमरेला आलं तेव्हा काकांनी पुस्तक छातीशी धरलं होतं. पुढे वाक्यं आखूड झाली, दोन शब्दांची, मग एकाची. श्वास घेतल्याशिवाय ती वाचताच येत नव्हती. काकांचे हात वर वर जात राहिले. शेवटच्या पानावर पुस्तक त्यांच्या हनुवटीच्याही वर होतं आणि ते मान मागे टाकून वाचत होते. मागच्या रांगेतली खुर्ची करकरली, तसं नर्सने वळून पाहिलं.

लेखिका गुडघ्यावर तर्जनी टेकून बसली होती. प्रत्येक पूर्णविरामाला ते बोट किंचित उचललं जाई आणि काकांच्या पुढच्या शब्दाबरोबर खाली येई.

"आमेन," काका म्हणाले.

आईने बटण दाबलं. काकांनी पुस्तक खाली घेतलं आणि दुखऱ्या मानेवरून हात फिरवला.

"किती झाले, वहिनी?"

आईने पदराने डोळे पुसले, चष्मा लावला आणि फोन उजेडात धरला.

"एकोणीस मिनिटं, अकरा सेकंद."